चार लिंबांवर मोबाईल चार्ज? आधी मिलिअँपिअर मोजा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की सांगली-साताऱ्याच्या पालकांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: “चार लिंबं, चार खिळे आणि चार नाणी घ्या, मोबाईल चार्ज होईल. लिंबू जितकं मोठं तितकी वीज जास्त. मीठ घातलं की व्होल्टेज दुप्पट. दिवा लागला नाही तर लिंबं वाढवा. काम झालं की त्याच लिंबांचं सरबत करा.” यात बरोबर आहे ते अर्धं वाक्य, तेही मिठाचं.

“चार लिंबांवर मोबाईल चार्ज होतो.”

जस्त आणि तांबं खोचलेलं एक लिंबू साधारण ०.९ ते १ व्होल्ट दाखवतं. चार लिंबं एकापुढे एक जोडली की व्होल्टेज मोजायच्या मीटरवर ३.८ येतात आणि घरात टाळ्या पडतात. पण डिजिटल मीटर जवळजवळ प्रवाह ओढतच नाही, त्यामुळे तो आकडा फुकटचा आहे. लिंबातल्या दोन धातूंच्या मध्ये १००० ओहमचा रेझिस्टर लावा आणि मग मोजा. ०.९५ चे ०.४५ झाले तर लिंबाच्या आतला रोध सुमारे ११०० ओहम. खिळा-तार पद्धतीत तो हजारापासून काही हजारांपर्यंत असतो. हजार धरला तरी एका लिंबातून मिळणारी जास्तीत जास्त शक्ती ०.२३ मिलिवॉटच्या आसपास. साधा चार्जर ५ व्होल्ट, १ अँपिअर म्हणजे ५ वॉट देतो. या हिशोबाने लिंबं लागतील बावीस हजार. व्होल्टेज वाढवणारी सर्किटं मिळतात, पण ती व्होल्टेज वाढवतात, शक्ती नाही.

शिवाय वीज लिंबातून येतच नाही. विरघळतं ते जस्त. लिंबाचा रस फक्त वाट करून देतो. १ ग्रॅम जस्तातून फार तर ८२० मिलिअँपिअर-तास मिळतात.

“कोणताही खिळा, कोणतंही नाणं चालतं.”

हल्लीचं रुपयाचं नाणं स्टेनलेस स्टीलचं आहे. त्याचा तांब्याच्या जागी उपयोग नाही. साधा लोखंडी खिळा घेतला तर व्होल्टेज निम्म्यावर येतं. जस्तासाठी फॅब्रिकेशनच्या दुकानातला जीआय पत्र्याचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याचा, तुकडा उत्तम, मात्र रंगीत पत्रा नको. रंगातून वीज जात नाही. तीच गत मोटार वाइंडिंगच्या तारेची. ती तांब्याचीच दिसते, पण तिच्यावर इनॅमलचा थर असतो. पॉलिश पेपरने घासून तो काढला नाही तर मीटर शून्यावर बसून राहतो आणि दोष लिंबाला लागतो. जस्ताचा मुलामा मात्र जोरात घासू नका, पातळ असतो, खालचं लोखंड उघडं पडतं.

“लिंबू मोठं तर वीज जास्त.”

आकाराने काहीही होत नाही. प्रवाह ठरतो तो धातूचं किती क्षेत्रफळ रसात समोरासमोर आहे आणि मधलं अंतर किती आहे यावर. ३ मिलिमीटर जाडीचा खिळा ३ सेंटिमीटर आत गेला तर त्याचा ओला भाग जेमतेम पावणेतीन चौरस सेंटिमीटर, आणि त्यातलाही तांब्याकडे तोंड असलेला थोडाच. मोठ्या लिंबात पोरं दोन टोकांना दोन धातू खोचतात, म्हणजे अंतर वाढवून स्वतःच रोध वाढवतात. एकाच लिंबात दोन जोड्या खोचून व्होल्टेज दुप्पट करू पाहणारेही असतात. आतला रस सगळीकडून जोडलेला असल्याने ती बेरीज होत नाही. लिंबू कापून चार वेगळे तुकडे केले, तर मात्र चार सेल होतात.

खरी वाढ हवी असेल तर अख्खं लिंबू सोडा आणि बर्फाचा ट्रे घ्या. प्रत्येक खणात एका लिंबाचा गाळलेला रस आणि चिमूटभर मीठ. २ सेंटिमीटर रुंदीची जीआय पट्टी ३ सेंटिमीटर बुडेल अशी उभी धरा. तिच्या दोन्ही बाजूंनी तांब्याची पट्टी इंग्रजी यू सारखी वाकवून बसवा आणि मध्ये आगपेटीच्या काड्या घाला, म्हणजे अंतर दोनेक मिलिमीटर राहतं आणि धातू एकमेकांना टेकत नाहीत. तारा जोडायच्या क्लिपा रसाच्या वर ठेवा. क्लिप बुडली की तीच तिसरा धातू होऊन बसते.

“मीठ घातलं की व्होल्टेज दुप्पट.”

व्होल्टेज धातूंच्या जोडीवर ठरतं, मिठाने ते दुप्पट होत नाही. मिठाने रसाचा रोध उतरतो, म्हणून प्रवाह वाढतो. अख्ख्या लिंबावर चोळलेलं मीठ मात्र आत पोचतच नाही.

बटाट्याचंही असंच आहे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की बटाटा ८ मिनिटं उकडला तर कच्च्यापेक्षा दहापट शक्ती मिळू शकते. उकडल्याने पेशींचे पडदे फुटतात, रोध घसरतो. खटाव-कोरेगावचा बटाटा घ्या नाहीतर बाहेरचा, उकडणं महत्त्वाचं.

पहिल्या मिनिटानंतर प्रवाह उतरू लागतो, कारण तांब्यावर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटतात आणि जवळची आम्लता कमी होते. ट्रेला हलकी टिचकी मारली की थोडा वेळ सुधारतं.

तासगावकडच्या द्राक्षवाल्या घरात मोरचूद (कॉपर सल्फेट) असतंच, आणि कुणीतरी ते लिंबात घालायला सांगतं. थेट घातलं तर जस्तावर तांब्याचा काळपट थर चढतो आणि सेल बसतो. न रंगवलेलं मातीचं बोळकं घ्या, आत मिठाचं पाणी आणि जस्त, बाहेर मोरचुदाचं पाणी आणि तांबं. १.१ व्होल्ट मिळतात आणि प्रवाह लिंबाला लाजवतो. फवारणीचं तयार बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) चालत नाही, चुन्याने तांबं आधीच खाली बसलेलं असतं. पण हा १८३६ चा डॅनिएल सेल झाला. तक्त्यावर “फळाची बॅटरी” लिहू नका. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला.

“दिवा लागला नाही तर लिंबं वाढवा.”

लाल एलईडीला सुमारे १.७ व्होल्ट लागतात. दर लिंबाला ०.९५ व्होल्ट, १००० ओहम धरू. चार लिंबं एका रांगेत: प्रवाह ०.५२ मिलिअँपिअर. आठ केली तर ०.७४. कितीही वाढवली तरी ०.९५ च्या पुढे जाणार नाही, कारण प्रत्येक लिंबू आपला रोधही सोबत आणतं. तीच आठ लिंबं चार-चारच्या दोन रांगा करून समांतर जोडा: १.०५. पांढरा एलईडी मागे ठेवा, त्याला २.७ च्या पुढे लागतात. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे. परीक्षकांना दाखवायला एलसीडी घड्याळ सर्वांत सोपं, दोन सेलवर चालतं, कारण त्याला मायक्रोअँपिअरच पुरतात.

“त्याच लिंबांचं सरबत करा.”

करू नका. रसात विरघळलेलं जस्त असतं, आणि गॅल्व्हनाइझिंगच्या थरात शिसंही असू शकतं. धातू रात्रभर आत ठेवू नका. तार जोडलेली नसली तरी आम्ल जस्त खातच राहतं आणि सकाळी ऐन प्रदर्शनात पट्टी पोखरलेली निघते. रस काढून टाका, पट्ट्या धुऊन पुसून ठेवा. दुसऱ्या दिवशी ताजा रस.