‘पूल खेळून कधी कुणाला काही होतं का?’ हो, होतं

पूल-स्नूकर म्हणजे टेबलावरचे चेंडू काठीने भोकांत ढकलायचे खेळ. गेल्या दोन महिन्यांत त्यांच्याबद्दलचा एकच मेसेज पाच-सहा ग्रुपांमधून माझ्याकडे फिरून आला. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मजकूर हाच: “पूल-स्नूकरमध्ये ना पळापळ, ना धक्काबुक्की, त्यामुळे दुखापतीचा प्रश्नच नाही. कंबर-मान दुखते ती सवय नसल्यामुळे, खेळत राहा, आपोआप सुटते. वाकताना दोन्ही पाय ताठ ठेवा, पाठीला त्रास होणार नाही. कोपर धरलं तर पट्टा बांधा, गोळी घ्या, फारच झालं तर एक इंजेक्शन मारून घ्या. तरीही थांबलं नाही, तर महिनाभर अंथरुणात पडून राहा. आणि साठीनंतर याच्याइतका बिनधोक खेळ नाही.”

मी पुण्यात फिजिओथेरपीचा व्यवसाय करते आणि कॉलेजपासून एट-बॉल, म्हणजे पूलचाच एक प्रकार, खेळते. हा मेसेज खरा मानून दुखणं अंगावर काढलेले लोक माझ्याकडे येतात, आणि येतात तेव्हा सहा-सहा महिने उलटून गेलेले असतात. म्हणून एकेक वाक्य घेऊन बोलते.

“पळापळ नाही, म्हणून दुखापत नाही.”

शरीराला इजा फक्त जोराने होते, हा समज मुळात चुकीचा आहे. तेच तेच काम हजारदा केल्यानेही होते, आणि एकाच अवस्थेत ताटकळल्यानेही होते. कोकणात भातलावणी करणाऱ्या बायका कुठे पळतात? तरी लावणीच्या दिवसांत त्यांच्या कमरेचं काय होतं, हे त्यांच्या घरच्यांना विचारा. त्या दुखण्याला आपण कधी ‘दुखापत’ म्हटलं नाही, हा आपला दोष. पाठीच्या स्नायूंना समोर चिखल आहे की हिरवं कापड, याच्याशी घेणंदेणं नसतं.

आता हिशोब करू. पूलचं टेबल जमिनीपासून साधारण ७४ ते ७९ सेंटिमीटर उंच असतं, म्हणजे आपल्या जेवणाच्या टेबलाएवढं. स्नूकरचं थोडं उंच, ८५ ते ८८ सेंटिमीटर. या उंचीला पाच-साडेपाच फुटी माणूस हनुवटी क्यूला, म्हणजे खेळायच्या काठीला, टेकेपर्यंत वाकतो. डोकं, हात आणि धड मिळून शरीराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग होतो. ७० किलोच्या माणसाचं ४५ किलोच्या वर वजन पुढे झुकतं, आणि ते तोलून धरतात कमरेचे आणि कुल्ल्यांचे स्नायू. एका फ्रेममध्ये, म्हणजे एका डावात, दहा वेळा वाकलात, संध्याकाळी वीस फ्रेम खेळलात, तर दोनशे वेळा वाकणं झालं. प्रत्येक वेळी नेम धरून क्यू मागेपुढे करताना दहा सेकंद जातात. म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त वेळ तुम्ही ओणवे उभे होता. ‘हरेल तो टेबलचे पैसे देणार’ या अटीवर रात्री एकपर्यंत खेळणाऱ्यांचा आकडा याच्या दुप्पट धरा. आणि जो जिंकत राहतो त्याचीच कंबर जास्त भरते, कारण टेबल त्याच्याच ताब्यात असतं. गीत सेठींनी १९९२ मध्ये पूलच्याच कुळातल्या बिलियर्ड्सच्या जागतिक व्यावसायिक स्पर्धेत १२७६ गुणांचा ब्रेक केला होता, म्हणजे एकाच खेपेत, न चुकता, तेवढे गुण मिळवले होते. एका फटक्याला दोन-तीन गुण धरले, तरी ते एकाच खेपेला चारशेहून अधिक वेळा वाकले असणार. याला कष्ट म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

मोठ्या खेळाडूंचे दाखलेही आहेत. २००२ चे विश्वविजेते पीटर एब्डन यांनी २०२० मध्ये मानेच्या जुनाट दुखण्यामुळे व्यावसायिक स्नूकर सोडलं. मार्क सेल्बी २०१२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिला होता. मानेतल्या चकतीच्या त्रासाने त्याने चायना ओपनमधून माघार घेतली आणि लगेचच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. मात्र नंतर तो चार वेळा विश्वविजेता झाला. दुखणं आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. फक्त ते आहे, हे आधी मान्य करावं लागतं.

“सवय नाही म्हणून दुखतं, खेळत राहा.”

यात अर्धं सत्य आहे, आणि म्हणूनच ते फसवतं. नव्याने खेळायला लागलेल्याचे मांडीमागचे स्नायू, खांदा, कंबर दोन-तीन दिवस आंबून जातात आणि मग सुटतात. त्यात काळजीचं काही नाही. पण दर वेळी त्याच जागी कळ येत असेल, आठवड्यागणिक वाढत असेल, झोपेतून जाग आणत असेल, किंवा हातापायात मुंग्या उतरत असतील, तर ती सवयीची गोष्ट राहिलेली नाही.

मानेचं उदाहरण घ्या, कारण तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. धड आडवं आणि नजर समोर, म्हणजे मान पाठीमागे कमालीची मोडलेली. दिवसभर छत रंगवणाऱ्या रंगाऱ्याची मान जशी असते तशीच. मणक्यांचे मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात, आणि हातात उतरणाऱ्या नसांची वाट अरुंद होते. त्यात चष्मा असेल तर आणखी पंचाईत. वाकल्यावर आपण काचेच्या अगदी वरच्या कडेतून बघतो, कधी तर फ्रेमच्या वरूनच, म्हणून हनुवटी अजून उचलतो. स्नूकरपटू डेनिस टेलर यांचा उलटा घातल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा आठवतो का? १९८५ ची विश्वविजेतेपदाची अंतिम लढत त्यांनी तोच घालून जिंकली. तो चष्मा नजरेसाठी होता, पण मानेचीही त्याने सोय केली. तुम्हाला तसलाच घ्यायला हवा असं नाही. उंच काचांचा, एकाच नंबरचा वेगळा चष्मा खेळापुरता करून घ्या आणि चष्मेवाल्याला वाकून कसं बघता ते करून दाखवा. प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा-जवळचा नंबर असलेल्या) काचा घालून खेळणाऱ्या माझ्या दोन रुग्णांची मान व्यायामापेक्षा या एका बदलाने जास्त सुधारली.

दुसरा उपाय याहून सोपा. हनुवटी क्यूला टेकलीच पाहिजे असा नियम नाही. बोटभर, चार बोटं वर राहिलात तरी नेम लागतो, थोडा सराव करावा लागेल इतकंच. आणि समोरचा खेळत असताना खुर्चीत पोक काढून मोबाईल बघत बसू नका. उभे राहा, कमरेवर हात ठेवून हलकेच मागे झुका, खांदे फिरवा. पुढच्या वाकण्याआधी मागे झुकणं झालेलं असलं, की कंबर अवघडत नाही.

“दोन्ही पाय ताठ ठेवा.”

सगळ्या मेसेजमधलं मला हे सर्वांत घातक वाटतं, कारण ते तंत्राच्या भाषेत सांगितलंय. मागचा पाय सरळ ठेवण्याची पद्धत स्नूकरमध्ये जुनी आहे, ते बरोबर. पण पुढचा गुडघा दुमडलेला असतो, ते मेसेज लिहिणाऱ्याने गाळलं. दोन्ही गुडघे कुलूप लावल्यासारखे ताठ केले, की मांडीमागचे स्नायू ओढले जातात आणि कुल्ला पुढे फिरत नाही. मग उरलेलं सगळं वाकणं कमरेच्या मणक्यांतून होतं. उसण भरते ती इथे.

करून बघा. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल अंतरावर उभे राहा, गुडघे जरा सैल सोडा आणि कुल्ले मागे नेत भिंतीला लावा. पाठ आपोआप झुकते, पण गोल होत नाही. टेबलाशी असंच वाकायचं. पावलांतलं अंतर खांद्यांहून थोडं जास्त ठेवा, पुढचा गुडघा वाकवा. उंच माणसाने पाय आणखी फाकवून दोन्ही गुडघे थोडे वाकवले तरी चालतं, कमरेची उंची कमी होते. उठतानाही आधी मान झटकून वर काढू नका, पाय जमिनीत रोवून कुल्ल्यांतून उठा.

लांबच्या फटक्याला टेबलावर अर्धं आडवं होऊन एक पाय हवेत लटकवणं बऱ्याच जणांना रेस्ट (क्यूला टेकू देणारी लांब दांडी) घेण्यापेक्षा मर्दुमकीचं वाटतं. त्याने बरगडी, जांघ, खांदा सगळंच ताणतं. मार्कर, म्हणजे टेबलाशी गुण मांडणारा माणूस, रेस्ट देतो तो वापरण्यासाठीच असतो. घ्या.

तळघरातल्या फरशीवर चपला घालून चार तास उभं राहिल्याने टाचा दुखतात, त्यावर जाड तळव्याचे बूट हा पुरेसा इलाज आहे.

“पट्टा, गोळी, इंजेक्शन.”

इथे मी स्वतः शिकलेली गोष्ट सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका स्थानिक स्पर्धेआधी माझं उजवं कोपर बाहेरच्या बाजूने दुखायला लागलं होतं. रुग्णांना रोज सांगणारी मी, पट्टा बांधून तीन दिवस खेळले. नंतर चहाची किटली उचलता येईना. पुढचे सात महिने त्यात गेले.

पूलमध्ये कोपर दुखण्याचं नेहमीचं कारण म्हणजे घट्ट मूठ. क्यूचं वजन अर्धा किलोच्या आसपास, तो हातात नुसता झुलायला हवा. आपण अवघड फटक्याला आणि ब्रेकला, म्हणजे डाव उघडणाऱ्या जोरदार फटक्याला, मूठ आवळतो, मनगट वर खेचतो, आणि मनगट उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला जिथे चिकटतात तिथला स्नायुबंध कुरकुरायला लागतो. यालाच टेनिस एल्बो म्हणतात, टेनिसचा चेंडू कधी हातात धरला नसला तरी. मूठ कशी हवी? हातात पेढा धरलाय असं समजा. पडायला नको आणि चेंबायलाही नको. ब्रेकचा जोर पायांतून आणि कुल्ल्यांतून आणा, मनगट आवळून नाही.

पट्ट्याने खेळताना थोडा आराम पडतो, पण तो उपचार नव्हे. गोळीचं तसंच. डायक्लोफेनॅक किंवा इबुप्रोफेन घेऊन टेबलाशी जाणं म्हणजे धोक्याची घंटा कापसाने बांधणं, आणि रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

इंजेक्शनबद्दल मात्र नीट सांगायला हवं. २००६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास छापून आला. टेनिस एल्बोच्या १९८ रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला स्टिरॉइडचं इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि वाट बघणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले सगळ्यांच्या पुढे होते. वर्षाच्या शेवटी तेच मागे पडले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं उलटलं होतं. आणि हेही प्रामाणिकपणे सांगते की नुसती वाट बघणाऱ्यांपैकीही बहुतेक जण वर्षभरात बरे झाले. फिजिओथेरपीने लवकर आराम पडला, वर्षअखेरीचा फरक थोडाच होता. तेव्हा ‘एक इंजेक्शन मारून घ्या’ म्हणणाऱ्याला विचारा, पुढच्या वर्षी काय?

घरी करण्यासारखा व्यायाम आहे. हाताचा पुढचा भाग टेबलावर पालथा ठेवा, मनगट कडेबाहेर. मुठीत पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि मग सावकाश, चार आकडे मोजत खाली सोडा. दहा-पंधरा वेळा, तीन खेपा, एक दिवसाआड. करताना थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलेलं नको. वाढलं तर बाटली अर्धी रिकामी करा. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्याआधी कंटाळून सोडू नका.

डाव्या, म्हणजे ब्रिजच्या (टेबलावर टेकवून क्यूला आधार देणाऱ्या) हाताकडेही बघा. शरीराचा भार त्या तळव्यावर टाकून मनगट मागे मोडलं असेल, तर अंगठ्याकडच्या तीन बोटांना मुंग्या येतात. कोपर टेबलाच्या कडेवर दाबलं जात असेल, तर करंगळीकडच्या दोन. हात कापडावर फक्त टेकायचा असतो, भार पायांवर ठेवायचा असतो.

“महिनाभर पडून राहा.”

कंबरदुखीला सक्तीची झोप, हा सल्ला वैद्यकशास्त्राने केव्हाच मागे टाकलाय. एक-दोन दिवस त्रास वाढेल ते टाळा, पण चालत-फिरत राहा. पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. खेळही पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते. वीस मिनिटं सोपे, जवळचे फटके, ब्रेक दुसऱ्याने करायचा. दुसऱ्या दिवशी ठीक वाटलं तर पुढच्या खेपेला अर्धा तास. शेक गरम घ्यायचा की बर्फ, यावर लोक तासभर वाद घालतात. ज्याने बरं वाटेल तो घ्या.

काही खुणा दिसल्या तर घरी काहीच करत बसू नका. पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, जांघेच्या मधला भाग बधिर होणं: त्याच दिवशी हॉस्पिटल. हातातून कप, किल्ल्या निसटायला लागल्या तरी डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

“साठीनंतर याच्याइतका बिनधोक खेळ नाही.”

साठीनंतर जरूर खेळा. इंग्लंडचे फ्रेड डेव्हिस १९७८ मध्ये, वयाच्या ६४ व्या वर्षी, स्नूकरच्या विश्वविजेतेपद स्पर्धेत उपांत्य फेरीत पोचले होते. पण त्यांनाही शेवटी १९९३ मध्ये थांबवलं ते गुडघ्याच्या संधिवाताने. वयस्कर माणसांनी दोन फ्रेमच्या मध्ये बसून घ्यावं, लांबच्या फटक्याला रेस्ट घ्यावा, आणि हाडं ठिसूळ झाली असल्याचं निदान झालेलं असेल तर कितपत वाकायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. चालण्याची जागा मात्र पूल घेत नाही. टेबलाभोवतीच्या फेऱ्या थांबत थांबत होतात, त्याने दम लागत नाही. सकाळचा अर्ध्या तासाचा फेरफटका वेगळा हवाच.

याच वयातल्या मंडळींना एक गोष्ट हात जोडून सांगते. डावा खांदा किंवा हात भरून आला, सोबत घाम फुटला, छातीत दडपण आलं, धाप लागली, तर ‘काल ब्रिजचा हात जरा जास्त ताणला’ असं म्हणून बाम चोळत बसू नका. १०८ ला फोन करा. सोबतच्यांनी क्यू खाली ठेवावा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांच्याजवळ थांबावं.