‘मुलांच्या आयसीयूचा डॉक्टर होऊ नका’ : त्या मेसेजला उत्तर

नीटचा निकाल लागला की आमच्या खान्देशात पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. थोडक्यात मजकूर असा : ‘मुलांच्या आयसीयूचा डॉक्टर व्हायचं खूळ डोक्यातून काढा. चौदा वर्षं शिकण्यात जातात. रोज मरणच बघायचं. व्हेंटिलेटरवर गेलेलं पोर परत येत नाही, ते मशीन म्हणजे फक्त बिल वाढवायचं यंत्र. शिवाय हे काम मुंबई-पुण्याचं, आपल्याकडे वाव नाही. मुलींना तर जमणारच नाही.’

मी याच भागात बालरोगतज्ज्ञ आहे. सीरियस मुलं पुढे पाठवायची वेळ माझ्यावर येते, त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसवत नाही.

सर्वांत घातक वाक्य व्हेंटिलेटरचं आहे, आधी तेच घेते. पावसाळ्यात आमच्याकडे मण्यार चावलेली मुलं येतात. खाली अंथरुणावर झोपलेलं पोर पहाटे पोट दुखतं म्हणून उठतं. मण्यारीचा चावा बहुधा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, त्यामुळे घरच्यांना अपचन वाटतं. मग पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही, मान सावरत नाही आणि श्वास उथळ होत जातो. सापाच्या विषावरचं इंजेक्शन द्यायचंच, आणि मुलालाही मोठ्यांइतक्याच डोसने द्यायचं, कारण अंगात गेलेलं विष तेवढंच असतं. पण नसांच्या टोकांना एकदा इजा झाली की त्या इंजेक्शनने ती भरून येत नाही. टोकं सावरायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस त्या मुलाचा श्वास दुसऱ्या कोणीतरी चालवावा लागतो.

अशा मुलाकडे बघून घरचे हादरतात. डोळे मिटलेले, बाहुल्यांवर टॉर्च मारला तरी त्या हलत नाहीत, चिमटा काढला तरी हात उचलत नाही. संपलं सगळं असंच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते पोर शुद्धीवर असू शकतं, आजूबाजूचं सगळं ऐकत असू शकतं. म्हणूनच जाणता डॉक्टर त्याला गुंगीचं औषध देतो, बुबुळं कोरडी पडू नयेत म्हणून मलम लावून पापण्या टेपने मिटवतो, घशातली नळी कफाने तुंबू नये म्हणून सक्शन करून घेतो आणि आईला सांगतो की त्याच्याशी बोलत राहा. ‘मना आंडोर वाची जाई ना?’ (माझा मुलगा वाचेल ना?) असं अहिराणीत विचारणाऱ्या आईला ‘व्हेंटिलेटर लागला म्हणजे गेलं’ हे त्या मेसेजनं आधीच पढवलेलं असतं. ती डिस्चार्ज मागते. त्या क्षणी नळी काढून घरी नेलं, तर जे पोर काही दिवसांत चालत घरी गेलं असतं ते खरंच जातं.

ही शाखा जन्मली तीसुद्धा अशाच एका मुलीमुळे. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ होती. बियॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वास बंद पडत चाललेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत तिला जगवलं. मग वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र पिशव्या दाबत बसले आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. त्यानंतर 1955 मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्गला खास मुलांसाठी अतिदक्षता विभाग सुरू झाला.

सगळी मुलं वाचतात असं मी म्हणत नाही. उशिरा आलेला मेंदूज्वर, डेंग्यूचा शॉक, विहिरीतून काढलेलं पोर, यांतली काही जातात आणि ते आईबापांना सांगणं या नोकरीतलं सर्वांत अवघड काम आहे. पण ‘रोज मरणच बघायचं’ हे साफ खोटं. पीआयसीयूत, म्हणजे मुलांच्या आयसीयूत, दाखल होणारी बहुसंख्य मुलं घरी जातात.

बिलाचं म्हणाल तर लुबाडणारी माणसं प्रत्येक धंद्यात आहेत, त्यांची तक्रार जरूर करा. मात्र या तज्ज्ञाचं शिक्षणच मुळात मशीन लवकर सुटावं यासाठी असतं. सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न हाच : आज नळी काढता येईल का?

वर्षांचा हिशोब. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच, बालरोगातली एमडी तीन, त्यावरची मुलांच्या आयसीयूची पदवी, म्हणजे डीएम किंवा डीआरएनबी, आणखी तीन. म्हणजे साडेअकरा, आणि बाँडचा, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचा, काळ वेगळा. अभ्यास लांबलचक आहे, नाकारत नाही. पण एमडीपासून पुढची वर्षं ही स्टायपेंड घेऊन वॉर्डात केलेलं काम असतं. कोणाला डीएम झेपत नसेल तर एमडीनंतर वर्षभराची फेलोशिपही करता येते.

‘आपल्याकडे वाव नाही’ हे तर उलटंच आहे. धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1989 पासून आहे, जळगावचं 2018 ला आणि नंदुरबारचं 2020 ला सुरू झालं. एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचे विभाग, आहेत, पण तिथे अठ्ठावीस दिवसांपर्यंतचीच बाळं घेतात. त्यापुढच्या वयाच्या अत्यवस्थ मुलाचं काय? सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीचं मूल घाट उतरून नंदुरबारला येतं आणि तिथेही सोय झाली नाही तर सुरत नाहीतर नाशिक गाठावं लागतं. धुळे ते नाशिक दीडशे किलोमीटरच्या वर. अँब्युलन्समध्ये कोणीतरी अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायची पिशवी, दाबत बसतो आणि वळणावर नळी सरकली की तिथेच खेळ संपतो. हे अंतर ज्या डॉक्टरमुळे वाचेल त्याला वाव नाही कसा?

मुलींबद्दल जास्त लिहायची गरज नाही. मुंबईत बाल अतिदक्षतेचं काम उभं करणाऱ्यांत डॉ. सुनू उदानी या महिला डॉक्टर आघाडीवर आहेत.

मेसेजनं न लिहिलेली खरी अडचण वेगळीच आहे. हा डॉक्टर एकट्याने काही करू शकत नाही. म्हणून खान्देशात रुजू होणाऱ्या मुलामुलींनी पगाराआधी हे विचारावं : रात्रपाळीला व्हेंटिलेटरच्या मुलापाशी स्वतंत्र नर्स असते का, रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तपासणारं एबीजी मशीन चालू आहे का, लहान मापाच्या नळ्या आणि मास्क कपाटात आहेत का, आणि तुम्ही सुट्टीवर असाल त्या दिवशी तुमच्या जागी कोण उभं राहणार.