खुर्ची जुनी आहे, तिला जुनीच दिसू द्या

गेले तीन आठवडे मी सागवानाच्या एका जुन्या आरामखुर्चीचे थ्रीडी मॉडेल ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तयार करत होतो. काल तिचे अंतिम रेंडर, म्हणजे मॉडेलवरून संगणकाने काढलेले चित्र, पाहून ती विकणाऱ्या विक्रेत्याने जे कळवले, ते वाचून माझे डोके अजून ताळ्यावर आलेले नाही. "छान झाले आहे, पण खुर्ची जुनी वाटते. जरा फ्रेश करून द्या." जी वस्तू जुनी आहे म्हणूनच तिची एवढी किंमत लावली आहे, ती जुनी दिसते ही तक्रार होऊच कशी शकते?

ही खुर्ची कोकणातल्या एका घराच्या ओटीवरून आली आहे. ब्रिटिश अमदानीत बंगल्यांच्या व्हरांड्यांत ज्या खुर्च्या असत, त्याच घाटाची: कललेली पाठ, वेताची जाळी आणि हातांखाली बसवलेल्या लांब फळ्या, ज्या बाहेर फिरवल्या की त्यांवर पाय टाकून आडवे होता येते. तिचे फोटो काढून त्यांवरून मॉडेल बनवण्याचा प्रयत्न मी आधी केला होता. पण पॉलिशवरची चकाकी कॅमेऱ्याबरोबर जागा बदलते आणि वेताच्या भोकांतून मागची भिंत दिसते, त्यामुळे सॉफ्टवेअरला खुणा जुळवता येत नाहीत आणि जाळीच्या जागी वितळलेल्या मेणासारखा गोळा हाती येतो. म्हणून मी कॅलिपर आणि टेप घेऊन दोन दिवस एकेक भाग मोजला. डावा हात उजव्यापेक्षा 4 मिलिमीटर रुंद भरला. उजव्या हाताची पुढची कड तर कित्येक वर्षे तळवा फिरून इतकी गुळगुळीत झाली आहे, की तिथे कड कुठे संपते हे बोटाला कळत नाही.

हे सगळे पुसून टाकायची घाई गिऱ्हाइकाच्या आधी सॉफ्टवेअरलाच असते. अर्धी खुर्ची बनवून आरशासारखी उलटी प्रत काढणारा मिरर मॉडिफायर लावला की दोन्ही हात क्षणात सारखे होतात, आणि तसेच करा म्हणून जो तो शिकवतो. लाकडाच्या तयार टेक्श्चरची, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या चित्राची, गत त्याहून वाईट. फळीत रेषा लांबीच्या दिशेने धावतात आणि आडव्या कापावर वाढीच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात, हे कोणत्याही सुताराला सांगावे लागत नाही; तयार टेक्श्चर मात्र पुस्तकाला कव्हर घालावे तसे कोपऱ्यावरून सरळ दुमडून जाते आणि सागवानाचा प्लॅस्टिकचा पाट होतो. ते टाळण्यासाठी मी खुर्चीच्या प्रत्येक तुकड्याचा यूव्ही, म्हणजे टेक्श्चर बसवण्यासाठीचा पृष्ठभागाचा सपाट नकाशा, वेगळा उलगडला आणि पट्टीगणिक रेषांची दिशा हाताने फिरवली. वेताच्या जाळीत दोन पट्ट्या उभ्या, दोन आडव्या आणि दोन्ही बाजूंनी तिरप्या पट्ट्या अशी वीण असते, आणि तिच्यात अष्टकोनी भोके उरतात. बसून बसून ही जाळी मध्यभागी खाली आली आहे, तिथली भोके किंचित ताणलेली आहेत. तेवढ्या एका झोळासाठी माझे चार दिवस गेले.

त्यानंतर रेंडर. चित्रातले दाणे निम्मे करायचे तर सॅम्पल, म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी संगणकाने तपासायचे प्रकाशकिरण, चौपट घ्यावे लागतात, म्हणून लोक दाणे पुसणारा डीनॉइजर लावून मोकळे होतात; पण या डीनॉइजरला लाकडाचा बारीक रवा आणि वेताचा तंतू यांतले काहीच कळत नाही, तो त्यांनाही दाणेच समजून सारवून टाकतो. मी तो बंद ठेवला आणि मशीन रात्र रात्र चालू ठेवले.

आणि एवढे झाल्यावर विक्रेत्याची यादी आली. दोन्ही हात सारखे करा. वेत घट्ट करा. रंग चॉकलेटी करा. उजव्या हातावरचा पांढरा गोल काढा. तो गोल म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षे तिथे चहाचा गरम पेला टेकवत होते त्याची खूण आहे. लाखेच्या पॉलिशवर ऊब आणि ओल एकत्र आली की ते असे पांढरे पडते. मी तो गोल फोटोशी ताडून, एका बाजूला तुटलेला आहे तसाच तुटका रंगवला होता, कारण पारख असलेला माणूस अशाच खुणांवरून जुने आणि जुने भासवलेले यांतला फरक ओळखतो.

मी त्यांना लिहिले, की हे चित्र पाहून जो पैसे भरेल त्याच्या घरी हीच खुर्ची पोचणार आहे, हाच डाग, हाच झोळ, हाच 4 मिलिमीटरचा फरक घेऊन. चित्रात नसलेली प्रत्येक खूण ही त्या माणसाची फसवणूक आहे. उत्तर आले, "ते आम्ही बघून घेऊ, तुम्ही फक्त डाग काढा." मी डाग काढणार नाही असे कळवले आहे आणि उरलेल्या अर्ध्या पैशांवर पाणी सोडायची माझी तयारी आहे. पण माझी चिडचिड त्या पैशांची नाही. हेच काम आता दुसऱ्या कोणाला दिले जाईल, तो दोन तासांत हात सारखे करील, वेत ताणून देईल, आणि खाली "अँटिक" असे लिहून ते चित्र विक्रीला लागेल.