‘शुगर कंपन्यांनी आणली’ म्हणे!

आमच्या लातूरकडच्या भावकीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा फिरला: “आपल्या आज्या-पणज्यांना शुगर माहीतच नव्हती. इंग्रजी कंपन्यांनी धंद्यासाठी रोग आणला. इन्सुलिनची सवय लागते, किडनी जाते. ज्वारीची भाकरी न् कारल्याचा रस घ्या, महिन्यात औषधं बंद.” खाली हात जोडलेल्यांची रांग.

माहीत नव्हती? चरकसंहितेत प्रमेहाचे, म्हणजे लघवीच्या विकारांचे, २० प्रकार मोजलेत, मधुमेह त्यातलाच. रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हेही तिथंच लिहिलंय. सुश्रुतानं तर जन्मजात प्रमेह आणि कुपथ्यानं होणारा प्रमेह वेगळे केले. पहिल्यातला रोगी वाळलेला असतो, असंही सांगितलं. तेव्हा कोणती इंग्रजी कंपनी होती? पणजोबा गूळ खाऊन नव्वदी गाठल्याचं घराघरात सांगतात. घटाघटा पाणी पीत वाळून गेलेल्या पोराला मात्र ‘नजर लागली’ म्हणायचे, आणि विषय तिथंच संपायचा.

आता इन्सुलिन. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. वजन जेमतेम २९ किलो. त्याआधी डॉक्टरांकडे अशा मुलांसाठी जवळपास उपाशी ठेवण्यापलीकडे काही नव्हतं. पहिली सुई साधली नाही, औषध अशुद्ध होतं. कॉलिप या जीवरसायनतज्ज्ञानं ते शुद्ध केलं, १२ दिवसांनी पुन्हा दिलं आणि साखर उतरली. पोरगा पुढं १३ वर्षं जगला. इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट, कॉलिप यांनी पेटंट टोरंटो विद्यापीठाला एकेक डॉलरला देऊन टाकलं. आजच्या कंपन्या बक्कळ कमावतात, तो राग मलाही आहे. पण रोग त्यांनी आणला नाही.

किडनी बिघडते ती वर्षानुवर्षं चढलेल्या साखरेनं. आपल्याकडं बरेच जण सुईला शेवटी राजी होतात, तोवर नुकसान झालेलं असतं, आणि आळ सुईवर येतो.

ज्वारी मीही दोन्ही वेळा खातो. पण १०० ग्रॅम पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, त्यामुळे भाकऱ्या मोजूनच. कारल्यानं साखर उतरली तरी थोडीच.

हे सगळं लिहायचं कारण शेजारची नववीतली पोरगी. तिच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयारच होत नाही. मे महिन्यात लाइट गेली की तिची आई बाटली मडक्यात ठेवते, ते मडकं ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात. मेसेज वाचून तिनं विचारलं, “भाऊ, महिनाभर सुई बंद करून बघू का?”

“ताई, महिना लांबच,” मी म्हणालो. “दोन-चार दिवसांतच रक्तात आम्ल साठेल, उलट्या होतील, धाप लागेल, पोरगी बेशुद्ध पडेल.”

ती काही बोलली नाही. तांब्याभर पाणी आणून वाळूवर ओतलं.