चाचण्या कमी म्हणजे हयगयच असं नाही
अणुवीज केंद्रांत वीज गेली की चालवायच्या आणीबाणीच्या डिझेल जनरेटरच्या (डीजी) चाचण्या कमी करायला तुमच्या लेखात सरसकट विरोध केलाय. मी सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. थंड इंजिन एकदम फुल लोडवर घेतलं की बेअरिंग, टर्बो झिजतात. अमेरिकेच्या अणुनियामकाने १९८४ मध्येच अशा चाचण्या कमी करायला सुचवलं होतं. अर्थात आमच्याकडे डीजी पाच मिनिटं रिकामा फिरवून रजिस्टरवर सही ठोकतात, तसलंही अणुकेंद्रात चालायचं नाही.

आणि लेखात उत्तर प्रदेशातलं नरोरा अणुवीज केंद्र कसं नाही? मार्च १९९३. टर्बाइनची पाती तुटून आग लागली, बॅकअपच्या केबलही त्याच आगीत जळाल्या, प्लांटची वीज सुमारे १७ तास गायब! ऑपरेटरांनी बॅटरीच्या उजेडात वर चढून हाताने व्हॉल्व्ह उघडले, अणुभट्टीतली प्रक्रिया बंदच राहावी म्हणून बोरॉन सोडलं. केबल वेगवेगळ्या मार्गांनी नेल्यात का, हे आधी तपासा. जनरेटर किती वेळा सुरू केला हे नंतर.