‘बोल्ट आवळले की खांब उभा’ या प्रतिक्रियेला उत्तर

लोखंडी शेड आधी क्रम ठरवून उभारावी, या माझ्या म्हणण्यावर मिरजेच्या एका फॅब्रिकेटर (लोखंडी बांधकाम करणाऱ्या) वाचकांनी लिहिलंय: “शेड उभारणीचं एवढं प्लॅनिंग मोठ्या कारखान्याला ठीक. आमच्या कुपवाडच्या २० मीटर स्पॅनच्या (रुंदीच्या) शेडला कशाला? बोल्ट आवळले की खांब उभा राहतो. आधी सगळ्या फ्रेम उभ्या करायच्या, ब्रेसिंग (तिरके आधार) मागाहून. गाय रोप (ताणाचे दोर) बांधत बसलो तर हायड्राचं (फिरत्या क्रेनचं) भाडं कोण देणार?”

नमस्कार. भाड्याची अडचण खरी आहे, तिच्यावर शेवटी येतो. कामाची पद्धत सांगणारं चाळीस पानी मेथड स्टेटमेंट साइटवर कुणी उघडत नाही, हेही मान्य. उभारणी करणाऱ्या खलाशाला कळेल असा एका कागदावरचा क्रम पुरतो. पण ‘बोल्ट आवळले की खांब उभा’ हे काही मला मान्य करता येत नाही.

तुमच्याच शेडचा हिशोब करू. पोर्टल फ्रेम, म्हणजे दोन खांब आणि त्यांच्यावरचा छताचा राफ्टर मिळून झालेली चौकट, स्पॅनच्या दिशेला ताठ असते. शेडच्या लांबीच्या दिशेला तिचा स्वतःचा जोर नगण्य, तो ब्रेसिंगमधून येतो. राफ्टर सरासरी ६०० मिमी खोल धरला तर त्या बाजूच्या वाऱ्यासमोर १२ चौरस मीटरची भिंतच उभी राहते. ताशी ७२ किमी, म्हणजे सेकंदाला २० मीटर वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, चौरस मीटरला २४० न्यूटन. सपाट पट्टीचा आकार-गुणांक २ घेतला की जवळजवळ ६०० किलोचा धक्का, तोही ७ मीटर उंचीवर. दोन खांबांत वाटून प्रत्येकाच्या पायाशी उलथवणारा जोर (बल गुणिले उंची) २,१०० किलोग्रॅम-मीटर. या दिशेला अँकर बोल्टमधलं (पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टमधलं) अंतर १५० मिमी असेल तर ताणाच्या बाजूच्या दोन बोल्टांवर मिळून १४ टन, एकेकावर ७. फ्रेमच्या वजनानं यातलं थोडंच कमी होतं. एम२४ चा (२४ मिमी जाडीचा) ४.६ ग्रेडचा बोल्ट साडेआठ टनाच्या आसपास कायमचा लांबायला लागतो. म्हणजे हातात उरलं किती? आणि हे सगळं बेसप्लेटखाली (खांबाच्या तळाच्या प्लेटखाली) ग्राऊट, म्हणजे सिमेंटचा भराव, भरलेलं धरून. खांब नुसत्या लेव्हलिंग नटवर (पातळी साधायच्या नटवर) असेल तर दाबही बोल्टच घेतात आणि त्या मोकळ्या ३०-४० मिमीत वाकतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळीव येतो तो आधी वारा घेऊन, आणि बहुधा दुपारनंतर. त्या वेळी पाच फ्रेम ओळीनं उभ्या आणि ब्रेसिंग एकालाही नाही, अशी स्थिती असेल तर पहिली कलली की पर्लिनला (फ्रेम जोडणाऱ्या छताच्या आडव्या पट्ट्यांना) धरून बाकीच्या तिच्यामागं जातात.

म्हणून ब्रेसिंगची बे (दोन फ्रेममधला गाळा) पहिली. गेबलपासून (शेडच्या टोकाच्या भिंतीपासून) सुरुवात करायची सवय असते, पण ड्रॉइंगवर रॉड ब्रेसिंग ज्या बेमध्ये आहे तिथूनच सुरू करा. पहिल्या फ्रेमला दोन्ही बाजूंनी गाय रोप, चार. ते काळ्या मातीत ठोकलेल्या खुंटीला नको. माती भिजली की खुंटी हातानं निघते. शेजारच्या फुटिंगला (खांबाच्या काँक्रीट पायाला) बांधा, नाहीतर दीड टनाचा काँक्रीटचा ठोकळा ठेवा. दोराला बुलडॉग क्लिप (दोर आवळणारे चिमटे) किमान तीन, आणि त्यांचा यू-बोल्ट दोराच्या मोकळ्या टोकाच्या बाजूला. उलट बसवला तर तो भार घेणाऱ्या दोरालाच चिरडतो. ही चूक खालून दिसते, नुसती नजर टाकायची.

दुसऱ्या राफ्टरचा हुक लगेच सोडू नका. दोन्ही ईव्ह स्ट्रट (खांबांची डोकी जोडणारे आडवे दांडे), रिजचे (माथ्याचे) पर्लिन आणि दोन्ही उतारांवर मधले काही पर्लिन लागेपर्यंत राफ्टरला आडवा आधारच नसतो. लांब, पातळ प्लेटचा राफ्टर अशा वेळी पिळवटून आडवा होतो. मग भिंतीचं आणि छताचं ब्रेसिंग, ओळंबा, बोल्ट पक्के. ही एक बे स्वतःच्या पायावर उभी राहिली की पुढची प्रत्येक फ्रेम पर्लिननं आणि गर्टनं (भिंतीच्या आडव्या पट्ट्यांनी) तिला बांधत जायची. तिथून वेग तुमचाच.

हायड्राबद्दल एकच: ‘१४ टनी हायड्रा’ म्हणतात, त्यातला १४ टन हा आकडा बूम (क्रेनचा हात) आखूड आणि हुक बंपरजवळ असतानाचा. राफ्टर चढवताना बूम बाहेर असते, तेव्हाचा आकडा क्रेनच्या क्षमतेच्या चार्टवर बघा. स्लिंगही (भार हुकला टांगायचा दोर) आडवी पसरू देऊ नका: दोन पायांची स्लिंग आडव्याशी ६० अंशांत असेल तर एका पायावर भाराच्या ५८ टक्के, ३० अंशांत पूर्ण भाराइतका ताण येतो.

आता भाडं. ते गाय रोपनं वाढतं त्यापेक्षा न जुळणाऱ्या बोल्टांनी जास्त वाढतं. हायड्रा यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक फुटिंगवर बोल्टांचं अंतर, कर्ण आणि लेव्हल मोजा, आटे साफ करून नट हातानं फिरवून बघा. राफ्टरचे दोन्ही अर्धे जमिनीवरच जोडून स्प्लाइसचे (सांध्याचे) बोल्ट पक्के करा, हार्नेस (सुरक्षापट्टा) अडकवायची लाइफलाइनही खालीच बांधा. बोल्ट सरकलेला निघालाच तर खांब हुकला टांगून बेसप्लेटला गॅस कटर लावायचा नाही. त्या फुटिंगचं माप डिझायनरला पाठवा. जाड प्लेट वॉशर घालून भागेल की बोल्ट नव्यानं बसवावा लागेल, ते त्यांना ठरवू द्या. तोवर हायड्रा दुसऱ्या बेवर लावता येते.