नडीचा भाव

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तारवटी कट्ट्यावर आला तो खांद्याला कापडी पिशवी लावून. गोव्यातल्या साखळीच्या बाजारातून वाळवंटी नदीकडे उतरताना एका आंब्याच्या बुंध्याभोवती सिमेंटचा गोल कट्टा आहे. तिथे आम्ही वीसेक वर्षं बसतो: मास्तर, पूर्वीचे ट्रकमालक शेट, तारवटी, मी, आणि अलीकडे मास्तरांचा भाचा. भाच्याला सगळे पोरगा म्हणतात. त्याचं म्हापशात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि जुनी गेमची मशीनं घेणं-विकणं हा त्याचा दुसरा धंदा. तारवटी शिपवर असतो म्हणून तारवटी. त्याचे वडीलही तारवटीच होते. यंदा त्याचा करार लांबलाय. एजंट सांगतो थांब, पण घराचं छप्पर काही थांबायला तयार नाही.

टॉवेलात गुंडाळलेला ऐवज त्याने कट्ट्यावर मांडला. एक गेम बॉय कलर (हातात धरून खेळायचं निन्टेन्डोचं मशीन), त्याच्या 14 सुट्या कॅसेट (आम्ही कार्ट्रिजला कॅसेटच म्हणत आलो), योकोहामात घेतलेला सुपर फॅमिकॉम, म्हणजे टीव्हीला जोडायचं निन्टेन्डोचं जपानी मशीन, खोक्यासकट, त्याचे सहा गेम तेही खोक्यातले, आणि प्लेस्टेशन 2 चे दोन गेम, वरचा प्लास्टिकचा कागदही न फाडलेले.

"2021 मध्ये एकाने ह्या सगळ्याचे 60 हजार देऊ केले होते," तो म्हणाला. "तेव्हा मी नाही म्हटलं. आता तू बोल."

पोरग्याने एकेक कॅसेट उलटून बघितली, लेबलावर बोट फिरवलं, मागचा खास स्क्रू मूळचाच आहे का ते मोबाईलच्या टॉर्चने तपासलं. खोटा माल इतका आलाय की आता आधी हेच बघावं लागतं. मग म्हणाला, "28 हजार. दादा, तुम्ही आहात म्हणून 28. दिवाळीपर्यंत थांबलात तर कदाचित 22 सुद्धा येणार नाहीत."

तारवटी काही बोलला नाही. बोलले ते शेट. "हा भाव नव्हे. ही नड आहे."

इथून जे सुरू झालं ते गाड्यावरचं रस ऑम्लेट दोनदा येऊन संपलं तरी चालूच होतं.

पोरग्याचं म्हणणं सरळ होतं. 2021 ही मानकुराद आंब्याची सुरुवात होती. हंगामाचा पहिला डझन हजारांत जातो, कारण घेणाऱ्याला आंब्यापेक्षा पहिलेपण हवं असतं. मेच्या शेवटी तोच आंबा टोपलीने मिळतो. त्याने आकडे काढले. त्या वर्षी जुलैत अमेरिकेत हेरिटेज ह्या लिलाव कंपनीकडे सुपर मारियो 64 ह्या गेमचा एक सीलबंद डबा 15 लाख 60 हजार डॉलरला गेला. त्याच्या दोनच दिवस आधी झेल्डा ह्या गेमचा पहिल्या काळातला सीलबंद डबा 8 लाख 70 हजारांना. ऑगस्टमध्ये सुपर मारियो ब्रदर्सचा एक डबा 20 लाखांना, जो आदल्या वर्षी 1 लाख 40 हजारांना घेतलेला होता. "तेव्हा इथे साखळीत बसलेल्या माणसालाही वाटलं, आपल्या कपाटात सोनं आहे. तुम्हाला 60 हजार देणारा त्याच वाऱ्यावर होता. वारा पडला."

"पडला का, ते सांग," मास्तर म्हणाले. ते हायस्कुलात अर्थशास्त्र शिकवतात आणि 'का' विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत.

उत्तर त्यांनी स्वतःच दिलं. लॉकडाऊनमध्ये माणसं घरी, हात रिकामे. अमेरिकी सरकारने माणशी आधी 1,200, मग 600, मग 1,400 डॉलरचे चेक पाठवले. व्याजदर शून्याजवळ. बँकेत पैसा ठेवून काही मिळत नव्हतं, म्हणून तो जाईल तिकडे गेला: क्रिप्टो, क्रिकेटची असतात तशी बेसबॉलची कार्डं, आणि हे डबे. मार्च 2022 पासून फेडने, म्हणजे अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेने, व्याज वाढवायला घेतलं, 2023 च्या जुलैत ते सव्वापाच टक्क्यांच्या वर नेलं. महागाईने घरखर्च वाढला. मग पहिलं काय थांबतं? ज्याच्यावाचून अडत नाही ते. "आणि गंमत नव्हे ही," ते म्हणाले, "2022 मध्ये तिथली अर्थव्यवस्था घसरली त्याला तिथल्या अधिकृत मंडळाने मंदी म्हटलंच नाही. नुसत्या धास्तीने एवढा भाव उतरला. खरी मंदी आली की लोक विकत घेणं थांबवतात एवढंच नाही, विकायला काढतात. दोन्ही बाजूंनी मार."

त्यावर शेट बोलले, आणि ते बोलतात तेव्हा आम्ही मधे तोंड घालत नाही.

2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाने बंदी घातली. शेटचे तेव्हा दोन टिप्पर होते, दोन्ही कर्जावर. आमोण्याच्या जेटीपर्यंत खनिज न्यायचं, बार्ज भरायचं, परत यायचं. चीनला माल जात होता तेव्हा दारात ट्रक नाही असं घर शोधावं लागे. बंदी आली आणि एका रात्रीत सगळ्यांच्या दारात उभ्या ट्रकांवर पानं पडू लागली. "घाटावरचे व्यापारी आले. गाडीकडे बघितलंच नाही त्यांनी. माझ्या तोंडाकडे बघितलं. हप्ता किती थकलाय तेवढं विचारलं, आणि भाव सांगितला. इंजिन तेच, टायर नवे, आणि किंमत निम्म्याहून कमी. मी एक दिला. दुसरा धरून ठेवला. 2014 मध्ये बंदी उठली, थोडी चाकं फिरली, आणि 2018 च्या फेब्रुवारीत कोर्टाने खाणींच्या 88 लीजांचं नूतनीकरण रद्द केलं. मार्चमध्ये पुन्हा सगळं बंद. दुसराही गेला, पहिल्यापेक्षा थोडा बरा भाव घेऊन, कारण तोवर माझं दुकान सुरू झालं होतं आणि मला घाई नव्हती."

"म्हणजे माझंच खरं की," पोरगा म्हणाला. "थांबून तरी काय झालं? धंदाच गेला तर भाव कुठून येणार?"

"तू ऐकलं नाहीस. थांबून भाव वाढला नाही. नड संपली म्हणून बरा मिळाला."

मला हे वाक्य फार मोलाचं वाटलं, आणि चर्चेत पुढे जे बिघडलं ते ह्याचा नीट विचार न केल्याने. मास्तरांनी लगेच पाठ्यपुस्तकातला नियम सांगितला: देणारा जे देतो तोच भाव, नड वगैरे मनाची समजूत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारी अळसांद्याची पेंडी जेवढ्याला असते तेवढ्याला शेवटची बस सुटायच्या वेळी नसते, म्हणून संध्याकाळचा भाव खोटा ठरतो का? नाही ठरत, हे मलाही मान्य आहे. पण दुपारी आणि संध्याकाळी पेंडी तीच असते, बदलते ती विकणारीची परिस्थिती. आणि परिस्थिती बदलता येते.

पोरग्याने मोबाईलवर जे दाखवलं ते मात्र सगळ्यांनी बघण्यासारखं होतं. प्राइसचार्टिंग नावाच्या साइटवर आणि ईबेवर, मागितलेला भाव वेगळा आणि खरोखर विकला गेला तो भाव वेगळा बघता येतो. मंदीत मागितलेला भाव फारसा हलत नाही. जो तो आपल्या 2021 च्या स्वप्नाला चिकटून बसतो. हलतो तो मिळालेला भाव, आणि त्याहून आधी आटते ती विक्रीची संख्या. महिन्याला दहा जायचे तिथे दोन जातात, आणि त्या दोघांतला एक नडलेला असला की त्याचाच आकडा पुढच्या सगळ्यांचा भाव होऊन बसतो. भारतात तर गिऱ्हाईक आधीच मोजकं. बाहेरच्याला विकायचं तर टपाल आणि कस्टम आड येतं.

इथे मी माझं म्हणणं मांडलं. ह्या पिशवीत एक माल नाही, दोन आहेत, आणि त्यांना एकच आकडा लावणं ही पोरग्याची चूक आहे.

मारियो 64 चा जो डबा 15 लाखांवर गेला, तो गेम दुर्मीळ नव्हे. जगभर त्याच्या सुमारे 1 कोटी 19 लाख प्रती खपल्या. दुर्मीळ होता तो न उघडलेला कागद, आणि ग्रेडिंगवाल्यांनी, म्हणजे डबा तपासून दर्जा ठरवणाऱ्यांनी, त्याला दिलेला 9.8 हा आकडा. उघडला की भाव गेला. ज्या वस्तूचा उपयोग केला की तिची किंमत मरते ती खेळणं राहत नाही, हुंडी होते, आणि हुंडी पुढचा घेणारा आहे तोवरच. 20 लाखांच्या त्या डब्याचे तर एका कंपनीने हिस्से पाडून विकले होते. हिस्सेदारांपैकी कुणी तो हातात तरी धरला असेल का? 2022 च्या मे महिन्यात ग्रेडिंग करणाऱ्या कंपनीवर कॅलिफोर्नियात काही संग्राहकांनी दावा ठोकला, भाव फुगवल्याचा आरोप करून. तो आरोप खरा-खोटा बाजूला ठेवला तरी, हात आखडला की आधी पडतो तो हा कागदाचा भाव.

सुट्या कॅसेटचं तसं नाही. ती घेणारा खेळायला घेतो. मंदीत तोही मागे सरतो, पण नाहीसा होत नाही. म्हणून ती उतरते, कोसळत नाही.

"खेळणारे म्हातारे झाले की?" मास्तरांनी विचारलं. हा त्यांचा सगळ्यात जोरदार मुद्दा होता. माणूस जे लहानपणी खेळला ते चाळिशीत, हातात पैसा आल्यावर, परत घेतो. ती पिढी सरली की मागणी सरते. आपल्या देशात तर नव्वदच्या दशकात घरोघर होते ते नकली फॅमिकॉम (निन्टेन्डोच्या जुन्या मशीनच्या नकला), लिटल मास्टरसारखे, 60 पिनांच्या पिवळ्या-निळ्या कॅसेटचे. खरा निन्टेन्डो बघितला किती जणांनी?

खरं आहे. आमच्या घरी नकलीच होता. खरा होता तारवट्याच्या सोप्यावर, त्याच्या वडिलांनी शिपवरून आणलेला. गोव्यात हे मशीन बघायला मिळायचं ते तारवट्यांच्या नाहीतर कुवेत-दुबईवाल्यांच्या घरात. शाळा सुटली की आम्ही सहा-सात जण त्या सोप्यावर आपली पाळी यायची वाट बघत बसायचो, आणि त्याच्या आईने दिलेला पोळी-चहा घ्यायचो. ह्या गेम बॉयवर मी पुढे, ऐन पंचविशीत, त्याच्या सुट्टीच्या महिनाभर पोकेमॉन गोल्ड खेळलोय. म्हणून मी ह्या बाबतीत तटस्थ नाही, आणि हे मी कट्ट्यावरही सांगितलं.

मास्तरांनी आणखी एक दाखला दिला. 1983 मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा सगळा धंदा बसला. सुमारे 320 कोटी डॉलरची उलाढाल 1985 पर्यंत 10 कोटींवर आली. अटारी ह्या गेम कंपनीने न खपलेल्या कॅसेट न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचराभूमीत ट्रकांनी नेऊन पुरल्या. 2014 च्या एप्रिलमध्ये उकरून 1,300 च्या आसपास वर काढल्या, गावाने त्या लिलावात विकल्या, आणि ई.टी. ह्या गेमची एक कॅसेट 1,535 डॉलरला गेली. "तेव्हा कुणी फुकट घेत नव्हतं. थांबायचं तर असं थांबावं लागतं, 31 वर्षं. ह्याचं छप्पर किती दिवस थांबेल?"

तारवटी पहिल्यांदा बोलला. "15 जूनपर्यंत. तेसुद्धा पाऊस वेळेवर आला तर."

मग मला जे इतका वेळ सुचत नव्हतं ते पावसाच्या नावाने सुचलं. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात कॅसेट 31 वर्षं टिकते. साखळीत सुपर फॅमिकॉमचं पुठ्ठ्याचं खोकं चार पावसाळे टिकत नाही. बुरशीचे ठिपके पडतात, कसर कडा खाते, सीलच्या कागदाखाली वाफ धरते. त्याने मांडलेल्या खोक्यांपैकी दोघांच्या कडा आताच मऊ पडल्या होत्या. खोक्यातल्या मालाची अर्धी किंमत खोक्यातच असते, आणि इथे दर आषाढ त्यातलं थोडं घेऊन जातो. मंदी संपेल तेव्हा विकायला तेच खोकं उरलेलं नसेल. कॅसेटचं प्लास्टिक मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिकाच्या पुड्यांबरोबर आरामात राहतं. पिनांवर हिरवट आलं तर कापसाच्या बोळ्याला अल्कोहोल लावून पुसता येतं. गोल्डसारख्या कॅसेटमधला बटण सेल मरतो आणि सेव्ह केलेला खेळ जातो, पण सेल बदलता येतो.

"म्हणजे जे सगळ्यात जास्त पडलंय तेच विक म्हणतोस?" पोरगा म्हणाला.

हो. सील आणि खोकी आता, पडलेल्या भावाला. तो 2021 चा भाव आपल्या आयुष्यात परत येईल असं मला वाटत नाही, आणि पाऊस तर नक्की येणार आहे. कॅसेट ठेव.

पोरग्याने दोन्ही ढिगाऱ्यांचा वेगवेगळा हिशोब केला. खोकी आणि दोन सील मिळून 13 हजार. उरलेल्या 14 कॅसेट आणि गेम बॉयचे 15. तारवट्याने पहिल्या ढिगाकडे बघितलं. छपराला नळे, रिपा आणि मजुरी धरून 26 लागणार होते.

"उरलेले 13 माझ्याकडून ने," शेट म्हणाले. "शिपवर चढलास की दे."

तारवट्याने नको म्हटलं, दोनदा. शेट म्हणाले, "2012 मध्ये मला कुणी तीन हप्ते दिले असते तर पहिला टिप्पर त्या भावाला गेला नसता. मागायची लाज वाटली म्हणून मी मागितले नाहीत. तू मागितलेले नाहीस, मीच देतोय."

पोरग्याने खोकी पिशवीत भरली. त्याने तेरा तिथेच मोजून दिले आणि भाव पुन्हा पाडला नाही, हे इथे नोंदवायला हवं. गोल्डचा सेलही फुकट बदलून देतो म्हणाला, मात्र जुना सेव्ह राहील ह्याची हमी देत नाही.

मास्तरांचं समाधान झालेलं नव्हतं. उठता उठता त्यांनी विचारलं, "आणि करार आला नाही, दिवाळीत कॅसेटचा भाव 15 चा 10 झाला, तर शेट, तुमचे पैसे?"

"मग तो पुढच्या दिवाळीला देईल," शेट म्हणाले. "माझ्या दुकानावर स्लॅब आहे, मास्तर. मला पावसाची घाई नाही."